शटर आधी ऐका, तेल नंतर घाला

आमच्या रो-हाउसच्या ओळीत अकरा घरं आहेत आणि त्यांतल्या सात घरांना गाडी ठेवण्याच्या जागेवर लोखंडी शटर आहे. पहाटे साडेपाचला ड्युटीवर निघणाऱ्या शेजाऱ्यांचं शटर वर गेलं की आमच्या वरच्या मजल्यावरची मुलं जागी व्हायची. मधली भिंत एकच, बीमही एकच. आवाज हवेतून यायचा त्यापेक्षा जास्त काँक्रीटमधून यायचा. शेजारी सज्जन माणूस. त्यांनी दर रविवारी शटरला तेल घातलं. गाईडमध्ये, पट्ट्यांवर, हात पोचेल तिथे. दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी आवाज पहिल्यापेक्षा वाढायचा. शेवटी त्यांनी एका जुन्या, अनुभवी शटरवाल्या काकांना बोलावलं. काकांनी तेलाच्या बाटलीकडे पाहिलंही नाही. त्यांनी आधी शटर तीनदा खाली-वर करायला सांगितलं आणि स्वतः डोकं कलतं करून ऐकत उभे राहिले. मग रंगाचा जुना ब्रश मागितला, मग पान्हा. तेल सगळ्यात शेवटी लागलं, तेही चहाच्या कपाच्या तळाशी राहील इतकंच.

त्या सकाळी जे पाहिलं, ते नंतर मी आमच्या शटरवर करून पाहिलं. हे काम घरच्या माणसाला जमण्यासारखं आहे. त्यातला एकच भाग अजिबात हात लावू नये असा आहे, तो शेवटी सांगतो.

आपल्याकडे ‘गॅरेज’ म्हटलं की हाताला ग्रीस लागलेला मेकॅनिक डोळ्यांसमोर येतो. घरच्या गाडीच्या जागेला आपण पार्किंग म्हणतो आणि तिच्या दाराला शटर. हे शटर आपल्या घरी बाजारपेठेतून आलं. त्याआधी दुकानं फळ्यांनी बंद व्हायची. उंबऱ्याच्या आणि वरच्या तुळईच्या खाचेत एकेक उभी फळी सरकवायची. फळ्यांवर क्रमांक घातलेले असत, कारण प्रत्येक फळीची जागा ठरलेली. जुन्या पेठांमधून अशी दुकानं अजूनही क्वचित दिसतात. फळ्या लावायला वेळ लागे, पण त्यांनी आळी जागी होत नसे. लोखंडी शटर आलं, दोन सेकंदांत दुकान बंद होऊ लागलं, चोरीची भीती कमी झाली, आणि सकाळ-संध्याकाळचा तो खडखडाटही सोबत आला.

शटर म्हणजे एक अखंड पत्रा नव्हे. आडव्या पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेला तो लोखंडी पडदा असतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत शटरचं जे वर्णन आहे, त्यात ८० मिलिमीटर रुंद आणि १.२५ मिलिमीटर जाड पट्टी, २७.५ सेंटीमीटर लांबीच्या स्प्रिंगा आणि वरचं पत्र्याचं झाकण यांचा उल्लेख येतो. प्रत्येक पट्टीची कड आकड्यासारखी वळवलेली असते आणि ती शेजारच्या पट्टीच्या आकड्यात बसते. पट्टीच्या दोन्ही टोकांना छोटे तुकडे बसवतात, त्यांना एंड लॉक म्हणतात. पट्टी आडवी सरकून बाहेर येऊ नये हे त्यांचं काम. दोन्ही बाजूंच्या भिंतींना उभे गाईड, खाली जाड बॉटम पट्टी, आणि वर दोन ब्रॅकेटांवर बसवलेला पाइप. त्या पाइपावर स्प्रिंगा आणि त्यांच्याभोवती पडदा गुंडाळणाऱ्या चकत्या.

आता हिशेब करून पाहा. आठ फूट उंचीच्या शटरला तीस-बत्तीस पट्ट्या लागतात, म्हणजे जवळपास तेवढेच सांधे. प्रत्येक सांधा शटरच्या पूर्ण रुंदीचा. शटर दहा फूट रुंद असेल तर सांध्यांची एकूण लांबी तीनशे फूट होते. लोखंडावर लोखंड घासणारी तीनशे फुटांची रेघ, तीही दिवसातून चार वेळा वळणारी. भोवती जोडलेला पातळ पत्रा. डफाला थाप मारली की चामडं जसं हवेला हलवतं, तसा हा पत्रा लहानसहान घासणं मोठं करून गल्लीभर पोचवतो. त्यामुळे आवाज कुठून निघतो आणि कुठून ऐकू येतो, या दोन जागा वेगळ्या असतात. तेल भलत्याच ठिकाणी पडण्याचं कारण हेच आहे.

कुंईऽ असा चिरका आवाज कसा तयार होतो, हे समजून घेण्यासारखं आहे. कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर सरळ घसरत नाहीत. ते क्षणभर चिकटतात, ताण वाढतो, सुटतात, घसरतात आणि पुन्हा चिकटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा घडलं की त्याचा सूर होतो. सारंगीच्या किंवा व्हायोलिनच्या गजाला वादक राळ लावतात ती नेमकी यासाठीच. राळेमुळे गज तारेला नीट धरतो आणि नीट सोडतो. शटरच्या कोरड्या सांध्यात हीच क्रिया कुणी न मागता चालू असते. मध्ये तेलाचा पातळ थर आला की पकड सुटते आणि सूर थांबतो. पण धूळ, गंज किंवा वाकलेली पट्टी यांतून येणारा आवाज या जातीचा नसतो, म्हणून तेलाने तो थांबत नाही.

काका ऐकत होते ते हेच. मराठीत लोखंडाच्या आवाजांसाठी जितके शब्द आहेत तितके या कामाला पुरतात, आणि प्रत्येक शब्द शटरच्या वेगळ्या भागाकडे बोट दाखवतो.

वरपासून खालपर्यंत सारखी खडखड होत असेल तर गाईडचे फास्टनर ढिले झालेत किंवा गाईडमध्ये पट्टीला अवकाश जास्त झालाय. करकर, म्हणजे दाताखाली वाळू आल्यासारखा आवाज, हा मातीचा. किंचाळी कोरड्या सांध्याची किंवा बेअरिंगची. शटर वर पोचताना किंवा खाली टेकताना धाडकन आपटत असेल तर दोष स्प्रिंगच्या ताणात आहे. आणि एखाद्या दिवशी वरून एकदाच ‘टण्ण’ असा आवाज येऊन शटर अचानक जड झालं, तर स्प्रिंग तुटली असं समजून तिथेच थांबावं.

यापेक्षा बारकाईची परीक्षा आवाजाच्या तालावरून करता येते. एक माणूस शटर सावकाश वर ढकलतो आणि दुसरा गाईडजवळ कान लावून उभा राहतो. टक-टक-टक असा ठोका गाईडच्या एकाच उंचीवरून, प्रत्येक पट्टीगणिक येत असेल तर तिथे गाईडला पोचा आहे. बहुतेक वेळा तो गाडीचा बंपर किंवा स्कूटरचं हँडल लागून पडलेला असतो. आवाज जर पट्टीबरोबर वर वर सरकत असेल, तर गाईड ठीक आहे, ती एक पट्टी वाकली किंवा बाजूला सरकली आहे. खडूने तिच्यावर खूण करून ठेवावी. तिसरा प्रकार म्हणजे पूर्ण शटर वर जाईपर्यंत फक्त तीन-चार वेळा येणारा आवाज. वरची गुंडाळी साधारण एका फुटापेक्षा कमी व्यासाची असते, म्हणजे तिच्या एका फेऱ्यात दोन-अडीच फूट शटर गुंडाळलं जातं. आठ फुटांना तीन-चार फेरे. तेव्हा तीन-चारदा येणारा आवाज पाइपाशी, ब्रॅकेटशी किंवा बेअरिंगशी आहे हे खाली उभं राहूनही कळतं. मला ही युक्ती फार आवडली. कुठलंही यंत्र न वापरता, नुसतं मोजून दोष शोधता येतो.

शेजाऱ्यांच्या शटरमध्ये तीन गोष्टी निघाल्या. दोन पट्ट्या डावीकडे सरकून गाईडच्या तळाला घासत होत्या. एका ब्रॅकेटचा बोल्ट ढिला होता, आणि आमच्या बीममध्ये घुसणारा आवाज तोच. तिसरी गोष्ट म्हणजे गाईडमध्ये साचलेला काळा चिखल. तेल आणि धूळ यांचं मिश्रण म्हणजे घासकाम करायची पेस्टच असते. व्हॉल्व्ह घासायला मेकॅनिक जी पेस्ट वापरतात, तिच्यात तेलातच कठीण कण मिसळलेले असतात. दर रविवारी आपण मनोभावे तीच गाईडमध्ये तयार करत होतो, हे शेजाऱ्यांना पटलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं. पण यात त्यांचा काही दोष नाही. तेल घालावं हे सगळेच सांगतात, आधी पुसावं हे कुणी सांगत नाही.

म्हणून पहिलं काम सफाईचं. शटर पूर्ण वर करून गाईड रिकामं करायचं आणि शिडीवरून वरून खाली ब्रश फिरवायचा. शिडी दुसऱ्या माणसाने धरलेली असावी. कोपऱ्यात घट्ट बसलेली माती लाकडाच्या चपट्या काडीने खरवडावी. गाईडमध्ये मातीच्या छोट्या गोळ्या चिकटलेल्या दिसल्या तर ती कुंभारीण माशीची घरटी आहेत. उन्हाळ्यात चार दिवस शटर बंद राहिलं की ती तिथे घर बांधते आणि मग प्रत्येक पट्टी त्या वाळलेल्या मातीवर घासून जाते. वरच्या झाकणात गांधीलमाशांचं पोळं आहे का, हे झाकणाजवळ जाण्याआधी लांबूनच पाहावं. जुनं चिकट तेल काढायला डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी चालते, पण गाडी बाहेर काढून, दार उघडं ठेवून आणि देवघरातली समई शेजारी नाही हे पाहून. चिंध्या नंतर बाहेर मोकळ्यावर वाळवाव्यात, पार्किंगच्या कोपऱ्यात गोळा करून ठेवू नयेत.

गाईड स्वच्छ झालं की फीत घ्या आणि दोन्ही गाईडांमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा. तिन्ही मापं सारखी आली पाहिजेत. वर कमी आणि खाली जास्त असेल तर एखादं गाईड कललंय, आणि ते ओळंब्यात आणल्याशिवाय दुसरं काही केलं तरी उपयोग नाही. याला उन्हाचीही जोड असते. पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे बारा मायक्रोमीटर वाढतं. पश्चिमेकडे तोंड असलेलं तीन मीटर रुंदीचं शटर मे महिन्यातल्या दुपारी रात्रीपेक्षा ३५ अंशांनी तापलं, तर प्रत्येक पट्टी सव्वा मिलिमीटरने लांबते. शटर नीट बसवलेलं असेल तर याची दखलही घ्यावी लागत नाही. पट्ट्या आधीच एका बाजूला सरकलेल्या असतील तर मात्र तेवढी वाढ पुरते. दुपारी अडणारं आणि सकाळी मोकळं चालणारं शटर पाहिलं की मी आधी पट्ट्यांची टोकं पाहतो.

सरकलेली पट्टी परत जागेवर आणायला लाकडी हातोडा लागतो. शटर अशा उंचीवर आणायचं की ती पट्टी हाताशी येईल, खाली भक्कम आधार द्यायचा आणि टोकावर लाकडाचा तुकडा ठेवून हलके ठोके द्यायचे. पट्टी सरकते. पण तिचं एंड लॉक गेलेलं असेल तर महिन्याभरात ती पुन्हा सरकणार. नवं एंड लॉक लावून घेणं हे पाच मिनिटांचं काम आहे, ते फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावं. गाईडचे फास्टनर मात्र स्वतः आवळता येतात. आवळताना एक ध्यानात ठेवा: गाईडच्या आतल्या बाजूला स्क्रूचं डोकं वर राहता कामा नये, नाहीतर प्रत्येक पट्टी त्यावर आपटते.

रंगाबद्दल एक तक्रार सांगायलाच हवी. शटर बंद करून वरून ऑइल पेंटचे दोन हात मारायचे, ही आपल्याकडची रीत आहे. दिवाळीला शटर छान दिसतं आणि भाऊबीजेपासून कुरकुरायला लागतं. रंग सांध्यात जाऊन वाळतो, पट्टी वळली की तडकतो आणि त्याचे कण सांध्यातच अडकतात. रंग द्यायचाच असेल तर हात पातळ असावा आणि रंग ओला असतानाच पट्ट्यांच्या सांध्यांतून कोरडा ब्रश फिरवून जादा रंग काढून घ्यावा.

आता तेल. घरात जे तेल असेल ते घालायची सवय आहे, म्हणून आधी नको असलेली नावं सांगतो. करडई आणि जवस ही हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होणारी तेलं. जवसाचं तेल तर रंगकामात याच गुणामुळे वापरतात. सांध्यात ती काही आठवड्यांत चिकट पापुद्रा होऊन बसतात. शेंगदाणा तेलही शेवटी खवट होऊन चिकटतंच. खोबरेलाचं दुखणं वेगळं. ते २४-२५ अंशांखाली थिजू लागतं. नाशिक-पुण्याकडच्या डिसेंबरात सकाळी बाटलीतलं खोबरेल पांढरं झालेलं आपण पाहतोच, तेच शटरच्या बेअरिंगमध्ये होतं, आणि नेमकं पहाटेच होतं. गाडीतून काढलेलं जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून लोक वापरतात. त्यात काजळी आणि धातूचे बारीक कण असतात, कपड्यांना डाग पडतात आणि ते त्वचेलाही चांगलं नाही. ते शटरला लावू नये.

हार्डवेअरच्या दुकानात बहुधा पहिला हातात ठेवला जातो तो डब्ल्यूडी-४०चा डबा. या नावाचा अर्थ ‘पाणी हटवणारं, चाळिसाव्या प्रयत्नातलं’ असा आहे. अमेरिकेत सॅन दिएगो इथे १९५३ साली ते तयार झालं आणि ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरलं गेलं. जन्मच गंज आणि ओल हटवण्यासाठी झालेला, त्यामुळे अडकलेला बोल्ट सोडवायला, जुना मळ सैल करायला ते उत्तम. पण त्याचा मोठा भाग उडून जातो आणि मागे राहतो तो अगदी हलका थर. त्यावर शटर वर्षभर चालणार नाही. मळ काढायला ते वापरावं, पुसावं आणि मग खरं वंगण द्यावं.

खरं वंगण जागेप्रमाणे तीन प्रकारचं लागतं. पट्ट्यांच्या सांध्यांना शिलाई मशीनचं तेल. शटर खाली आणून आतल्या बाजूने प्रत्येक सांध्यावर बारीक ब्रशने एक रेघ ओढायची, चार-पाच वेळा शटर खाली-वर करायचं आणि बाहेर आलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. बोटाला लागेल इतकं तेल उरलं तर ते जास्त झालं. बेअरिंग हाताशी येण्यासारखं असेल तर लिथियम ग्रीस. हे १९४० च्या दशकापासून वापरात असलेलं ग्रीस पाण्याने लवकर धुऊन जात नाही आणि उष्णतेत वितळून ओघळत नाही, त्यामुळे आपल्या हवेला चांगलं. गाईडमध्ये मात्र तेलही नको आणि ग्रीसही नको. तिथे एकतर सिलिकॉनचा फवारा मारून तो वाळू द्यावा, नाहीतर साध्या पांढऱ्या मेणबत्तीचं मेण गाईडच्या आतल्या दोन्ही भिंतींवर घासावं. अडणाऱ्या ड्रॉवरला सुतार मेण घासतात तीच युक्ती. मेण कोरडं राहतं, त्याला धूळ कमी चिकटते. कुलपाच्या आत तेल सोडू नये. पेन्सिलीच्या शिशाची पूड चिमूटभर टाकून किल्ली चार वेळा फिरवावी.

कोकणात आणि गोव्यात हे सगळं पुरत नाही. खारी हवा ओल धरून ठेवते, आणि पावसाळ्यात शटरच्या बॉटम पट्टीत साचलेलं पाणी आठवडेच्या आठवडे तिथेच राहतं. तिथली शटरं खालून कुजतात. बॉटम पट्टीच्या कोनात पाणी निघून जायला छिद्र आहे का ते पाहावं. गंजलेला भाग वायर ब्रशने घासून रेड ऑक्साइडचा हात मारावा आणि शटर जमिनीला जिथे टेकतं तिथे रबराची जाड पट्टी लावून घ्यावी. या रबराने टेकतानाचा धाड आवाजही मऊ होतो. देशावर गंज कमी पण धूळ जास्त. तिथे दर महिन्याला गाईडमधून ब्रश फिरवला तर वर्षातून दोनदा तेल पुरतं: एकदा मृगाआधी आणि एकदा पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या साफसफाईत.

रात्री वाऱ्याने बंद शटर खडखडतं, त्याला गाईडमधला जादा अवकाश कारणीभूत असतो. गाईडच्या कडेला बसणाऱ्या नायलॉनच्या केसांच्या पट्ट्या मिळतात. त्या बसवल्या की पत्रा लोखंडाला न लागता केसांना टेकतो. ब्रॅकेट आणि भिंत यांच्यामध्ये जाड रबराचा तुकडा बसवता आला तर बीममधून जाणारा आवाज बराच कमी होतो, पण पाइप उतरवल्याशिवाय ते होत नाही, म्हणून नवं शटर बसवतानाच सांगून ठेवावं. हे मी आग्रहाने सांगतो, कारण एका भिंतीला दोन घरं असलेल्या वस्तीत हा खर्च खरं तर शेजाऱ्यासाठी असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागासाठी ४५ डेसिबलची पातळी ठरवलेली आहे. ती पूर्ण परिसराची पातळी आहे, एका शटरवर लावायचा दंडक नव्हे. पण पहाटेची शांतता किती नाजूक असते ते त्या आकड्यावरून कळतं. आणि आवाज दहा डेसिबलने उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो, म्हणजे थोड्या मेहनतीचंही फळ मिळतं.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी तिथल्या घराचं दार पाहिलेलं असतं. ते गुंडाळलं जात नाही. चार-पाच रुंद फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात आणि त्या चाकांवरून रुळात चढून छताखाली आडव्या होतात. सी. जी. जॉन्सन यांनी वर उचललं जाणारं हे दार १९२१ मध्ये आणि विजेवर ते उघडणारं यंत्र १९२६ मध्ये आणलं. तिथे आवाजाची जागा बदलते: पोलादी चाकं, कोरड्या बिजागऱ्या, ढिले नट आणि मोटरची साखळी. चाकं नायलॉनची बसवली आणि नट आवळले की अर्धी लढाई जिंकली. साखळीऐवजी पट्ट्याची मोटर आणखी शांत असते. रुळात तेल न घालण्याचा नियम तिथेही तोच. बिजागऱ्या, बेअरिंग आणि स्प्रिंग यांना हलकं वंगण, रूळ मात्र फक्त पुसायचा. तिथे १९९३ पासून घरगुती यंत्रांना दाराखाली कुणी आल्यास दार उलटं फिरवणारी सोय सक्तीची आहे, बहुधा दाराच्या दोन्ही बाजूंना खाली बसवलेले दोन डोळे, म्हणजे सेन्सर. आवाज बंद करायला गेलेल्या माणसाने ते डोळे हलवू नयेत. आपल्याकडे रिमोटची शटरं आता बंगल्यांना सर्रास बसतात. बसवताना अशी सोय मागून घ्या, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

आता तो भाग, ज्याला हात लावायचा नाही.

१.२५ मिलिमीटर जाडीच्या सपाट पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला सुमारे ९.८ किलो असतं. पट्ट्यांच्या वळणांना जास्त पत्रा लागतो. दहा बाय आठ फुटांचं शटर त्यामुळे नव्वद किलोच्या आसपास जातं. तरीही घरातली आजी ते एका हाताने वर ढकलू शकते, कारण ते वजन स्प्रिंगांनी पेललेलं असतं. शटर खाली येताना पाइपाभोवतीच्या स्प्रिंगा पिळल्या जातात आणि खाली उतरणाऱ्या वजनाची ताकद त्यांच्यात साठते. वर जाताना ती ताकद परत मिळते. शटर जसं वर गुंडाळलं जातं तसं लोंबणारं वजन कमी होतं, आणि स्प्रिंगचा पीळही त्याच मापाने सैल होत जातो. दोन्ही बाजू जवळपास बरोबरीने उतरतात. इतक्या साध्या तारेत इतका चोख हिशेब बसवलेला पाहून मला आजही आदर वाटतो.

पण याचाच अर्थ असा की बंद शटरच्या वरच्या पाइपात नव्वद किलो तोलण्याइतकी ताकद पिळून ठेवलेली असते. पाइपाचा क्लॅम्प किंवा ब्रॅकेटचा बोल्ट सोडला तर ती एका क्षणात सुटते. पान्हा हातातून निसटून तोंडावर येतो, मनगट मोडतं, नाहीतर शटर गिलोटिनसारखं खाली येतं. शेजाऱ्यांच्या ब्रॅकेटचा तो एक ढिला बोल्टही काकांनी शटर पूर्ण वर नेऊन, खाली दोन लाकडी टेकू देऊन आणि पाइप साखळीने बांधून मगच आवळला. अमेरिकेतली साधी स्प्रिंग दहा हजार वेळा उघडण्या-मिटण्यासाठी धरलेली असते, म्हणजे दिवसाला चार वेळा उघडझाप झाली तर सात वर्षांच्या आत तिचं आयुष्य संपतं. आपल्या शटरच्या स्प्रिंगवर असा आकडा बहुधा लिहिलेला नसतो, आणि गंज लागला की तडा लवकर जातो. म्हणून ती थकल्याची खूण आपणच ओळखायला हवी.

ती खूण पाहण्याची रीत अशी. मोटर असेल तर मेन स्विच बंद करून ती सोडवा. शटर हाताने छातीच्या उंचीपर्यंत आणा, पाय बाजूला घ्या आणि हात सावकाश सैल करा. शटर जागीच थांबलं किंवा चार-पाच बोटं हललं, तर स्प्रिंग ठीक आहे, आणि आवाज काढायला ब्रश, मेण आणि शिलाई मशीनचं तेल पुरेल. ते खाली घसरू लागलं किंवा आपोआप वर धावलं, तर काम तिथेच थांबवा, शटरवाल्यांना फोन करा, आणि ते येईपर्यंत त्याखालून कुणालाही, विशेषतः मुलांना, ये-जा करू देऊ नका.